डिप्परमामाचे लाईट

गाडी काढण्याआधी आमचे मामा लाईट सुरू करून खाली उतरत, पुढे जात आणि दोन्ही हेडलाइटच्या काचांवर आळीपाळीने तळहात ठेवत. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात ना, अगदी तसा. काच गरम लागली की "लागला" म्हणत. मग दुसरीकडे जाऊन "हाबी लागला" म्हणत आणि मगच स्टिअरिंगवर बसत. खरं तर लाईट लागलेत की नाही हे गोठ्याच्या भिंतीवर पडलेल्या उजेडावरूनही कळायचं. मामी ओट्यावरून ओरडून सांगायची, "लागले ना दोनी, चाला आता!" तरी हात काचेवर गेल्याशिवाय गाडी हलत नसे. "सांगून काय होते, हात लावून पाय," हे मामाचं ब्रह्मवाक्य होतं आणि ते सगळ्यांना लागू होतं. भाकरी गरम आहे म्हटलं तर भाकरीला हात, पंप सुरू आहे म्हटलं तर पाइपाला हात. माझा अभ्यास झाला असं मी सांगितलं की वहीच्या पानावरसुद्धा बोट फिरवून शाई ओली आहे का ते बघत.

गाडी म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. मागच्या सीटा काढून तिथे फळ्या टाकलेल्या. मामाचं गाव आसेगावजवळचं, पाण्याची बरी सोय असलेलं. मामा आणि शेजारची काही घरं मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, टमाटे करत. सगळ्यांचा माल या एकाच गाडीतून मंगरूळपीरच्या बाजारात जायचा. भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, उजाडायच्या आत सुरू होतो. तिथे उशिरा पोचलेल्या मेथीला कोणी विचारत नाही, ती दुपारी गुरांपुढे टाकावी लागते. म्हणजे पहाटेच्या अंधारात ही व्हॅन निघाली तर एवढ्या घरांची चूल धड पेटणार, नाही निघाली तर दिवस वाया. आमचं गाव मानोऱ्याकडचं. तिथून कॉलेजला जायची सोय नव्हती, म्हणून आईने मला आपल्या भावाकडे ठेवलं होतं. मामाच्या शेजारच्या सीटवर टमाट्यांची कॅरेटं असत, त्यामुळे मी मागे, पोत्यांना टेकून, मागच्या काचेतून सुटत जाणारा रस्ता बघत कॉलेजला जायची. वर्गात माझ्या अंगाला सांबाराचा वास यायचा आणि मैत्रिणी मला 'चटणी' म्हणायच्या.

डिप्परमामा हे नाव गावाने ठेवलेलं. रस्त्यात भेटेल त्याला मामा डिप्पर देत, म्हणजे हेडलाइटची उघडझाप करत. बैलगाडीवाल्याला, सायकलवाल्याला, पाण्याला निघालेल्या बायांना, शाळेच्या पोरांना, आणि तेही भर दुपारी. मी एकदा विचारलं की मामा, हात हलवला तर भागत नाही का? तर म्हणाले, "हात कोनी पाह्यत नाई वं. डिप्पर देला का मानूस हासते." आणि लोक हसतही. पोरं तर मुद्दाम रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहत.

पुढे पुढे या डिप्परचं जरा बिनसलं. एकदा मामाने मैलाच्या दगडाला डिप्पर दिला. मी मागून ओरडले, "मामा, दगडालेबी राम राम?" मामा म्हणाले, "दगड झाला म्हून काय झालं, रोजचा वळखीचा हाय." मग एकदा लिंबाच्या खोडाला. मग एकदा खांबाला टेकवून ठेवलेल्या पोत्याला. आणि खरोखरच उभ्या असलेल्या माणसांना मात्र द्यायचा राहून जाऊ लागला. शेजारचे अण्णा तर रुसलेच. त्यांचं वय मामापेक्षा मोठं, आणि हा माणूस दगडाला मान देतो आणि आपल्याला नाही म्हणजे काय! आम्ही सगळं हसण्यावारी नेलं, कारण तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्या पावसाळ्यात व्हॅनचे लाईट खरोखरच लुकलुकायला लागले. हे मी ओट्यावरून, व्हॅन येताना, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खड्डा आला की दोन्ही लाईट मंद होत, दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा भडकत. मंगरूळपीरला स्टँडच्या मागे रशीदभाईची टपरी होती. गाड्यांचं वायरिंग करणारा हा माणूस जगातल्या सगळ्या गाड्या मालकांच्या चुकीनेच बिघडतात असं मानणारा. त्याने टेस्टलॅम्प लावून बघितला, मग गाडीखाली पडला आणि खालूनच बोलायला लागला. "मामू, ही गाडी हाय का नर्सरी? वायरले कोंब फुटाचे तेवढे बाकी हायेत." मेथीच्या जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून आम्ही त्यांच्यावर पाणी शिंपडायचो. ते फळ्यांतून झिरपून अर्थिंगची वायर गंजून गेली होती. त्याने गंज घासला, नवी वायर टाकली, घट्ट आवळली. लाईट स्वच्छ लागले. त्या दिवशी परत येताना मामाने रस्त्यावरच्या एकाही बकरीला डिप्पर दिल्याशिवाय सोडलं नाही.

थोड्याच दिवसांत मामा म्हणाले, "लाईट पुन्हा जाऊन राह्यले."

पण आता खड्ड्यांचा संबंध राहिला नव्हता. मामाची तक्रार वेगळीच होती. समोरून ट्रक आला, बाजूने निघून गेला, की त्याच्या मागोमाग आपले लाईट जातात. थोड्या वेळाने हळूहळू येतात. कधी कधी तर नुसतेच थरथरतात, कडेकडेने काजवे चमकावेत तसे. रशीदभाई डोकं खाजवत म्हणाला, "समोरच्या गाडीनं आपला लाईट कसा जाईन, मामू? त्याची अन् आपली वायर जोडली हाय काय?" तरी त्याने बल्ब बदलले. पुढच्या खेपेला फ्यूज आणि रिले बदलला. मग जळकट दिसला म्हणून होल्डर बदलला, डिप्परचा स्विच नवा टाकला, बॅटरीची टर्मिनलं गरम पाण्याने धुतली, डायनामो उघडून बघितला. टपरीत उभे असताना ते लाईट पाहुण्यांसमोरच्या गुणी पोरासारखे वागत. मामा हात लावून बघत आणि दर वेळी त्यांचा चेहरा उजळे. "आता नाई जात," म्हणत. पण दोन दिवसांत पहाटे गाडी मध्येच थांबायची आणि पुढून आवाज यायचा, "गेले बाप्पा, गेले."

मी मागे पोत्यांत, तोंड मागच्या काचेकडे. पुढचा रस्ता मला दिसत नसे. गाडी थांबली की मला मामाची पाठ दिसायची आणि स्टिअरिंग घट्ट धरलेल्या मुठी दिसायच्या. थोडं थांबून ते पुन्हा गाडी काढत, अगदी पायी चालल्यासारखी. हर्रास सुरू होऊन गेलेला असे.

घरी आल्यावर संध्याकाळी ते स्वतः पाने-पकडी घेऊन बसत. मामी टॉर्च धरायची. तो संवाद मला पाठ आहे.

"थोडा इकडे धर."

"इकडेच हाय."

"अवं, वायरवर धर ना, मातीत कायले धरते?"

"वायरवरच हाय," मामी म्हणायची आणि टॉर्च आणखी जवळ न्यायची. मामा तिच्यावर चिडत आणि तीही उलट बोलायची. पण टॉर्च खाली ठेवत नसे.

त्याच सुमाराला मामा घरात अडखळायला लागले होते. वाटेतल्या बादलीला पाय, दाराच्या चौकटीला खांदा, खाटेला नडगी. एका लग्नात तर वाढप्याच्या हातातलं वरणाचं भांडं त्यांनी सरळ चालत जाऊन उडवलं. मामी म्हणायची, "ह्याईचं ध्यानच नसते, सारं मन त्या लाईटात." आम्हाला ते पटत असे. ज्या माणसाची झोप लाईटनी उडवली आहे त्याला बादली कशी दिसणार?

आणि मग ती पहाट आली. वेचणीचे दिवस होते. कापसाची एक बैलगाडी पुढे चालली होती, मागे ना कंदील ना चमकणारी पट्टी. मला एवढंच कळलं की करकचून ब्रेक लागला, टमाट्यांची कॅरेटं पुढे आदळली आणि काच फुटल्याचा आवाज आला. उतरून बघते तो व्हॅनचं नाक बैलगाडीच्या चाकात शिरलेलं, समोरच्या लाईटचा चुरा, एक बैल गुडघ्यावर बसलेला. गाडीवान कापसावरून खाली पडला होता. तो उठून उभा राहिला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्याने मामाची गचांडी धरली. "डोये फुटले काय तुये?"

मामाने हात सोडवला नाही. दोन्ही हात जोडून ते एवढंच म्हणत राहिले, "लाईट गेलते, भाऊ. लाईट गेलते." बैल उठला, माणूस शांत झाला, बघे पांगले, तरी मामा तेच म्हणत होते. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बांधावर बसवलं.

संध्याकाळी भाजीवाली मंडळी ओट्यावर आली. कोणी भांडायला आलं नव्हतं. अण्णाच बोलले, "गड्या, लाईट दुरुस्त होत नसतीन तं तसं सांग. आमी आसेगावची दुसरी गाडी पाह्यतो. आमाले तुह्या जिवापेक्षा मेथी जास्त नाई." मामा खाली बघत बसले होते. या गाडीशिवाय आपण कोण, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसला. गाडी हातातून गेली की ते बापाच्या मळ्यात वाफे धरणारे आणखी एक माणूस होणार होते. त्यांना कोणी डिप्परमामा म्हणणार नव्हतं. आणि आमची पहाट दुसऱ्याच्या मर्जीवर जाणार होती. "एक डाव," मामा म्हणाले. "एक डाव मले पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला घेऊन रशीदभाईकडे गेले. नव्या काचा बसल्या. मग मामा म्हणाले, "आता सर्वात मोठे बल्ब टाक. अन् बंपरवर जास्तीचे लाईट लाव."

"मामू, एवढा लोड या वायरिंगवर नाई चालत. जळून जाईन. अन् सच बोलू? गाडीत फाल्ट नाई. म्या सारं पाह्यलं."

मामाने त्याचा हात धरला. रशीदभाईच्या काळ्या तेलकट बोटांत मामाची मातीने भेगाळलेली बोटं अडकली होती. "रशीद, मले उजेड पाह्यजे. कसाबी कर."

रशीदभाईने वेगळी जाड वायर ओढली, वेगळा रिले लावला, बंपरवर चार मोठे लाईट बसवले. व्हॅनचं तोंड वरातीच्या बँडगाडीसारखं दिसायला लागलं. शेजारचा टायरवाला म्हणालाही, "मामा, नवरदेव कोन हाय?" मामा हसले नाहीत. त्यांनी एकेका काचेवर हात ठेवला. प्रत्येकाला "लागला" म्हटलं.

निघेपर्यंत दिवस मावळला. गाडी रिकामी होती म्हणून अंधारात पहिल्यांदाच मी पुढे, मामाच्या शेजारी बसले. गावाबाहेर आल्यावर त्यांनी सगळे लाईट लावले. काय उजेड पडला म्हणून सांगू! दोन्ही बाजूंच्या बाभळींचा काटा न् काटा दिसत होता, पार पुढच्या पुलाचा कठडा दिसत होता. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. मामा म्हणाले, "आता नाई जात."

समोरून एक ट्रक आला. आमच्यावर उजेड टाकत आला आणि बाजूने धडधडत निघून गेला. मामाने ब्रेक दाबला.

"गेले," ते म्हणाले. "पाय, पुन्हा गेले."

"काय गेले?"

"लाईट. सारेच्या सारे गेले."

मी समोर बघितलं. रस्ता पुलापर्यंत लख्ख उजळलेला होता. एक कुत्रं रस्ता ओलांडता ओलांडता थांबलं, आमच्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. मी मामाकडे बघितलं. ते फ्यूजची डबी चाचपत होते.

"मामा," मी म्हणाले, "लाईट लागलेले हायेत."

"काहून खोटं बोलून राह्यली वं?"

"नाई मामा. पुलापोतर दिसून राह्यलं. कुत्रं उभं हाय तिथं."

त्यांचा हात डबीवर तसाच थांबला. मग ते उतरले. दार धरून, मग बोनेट धरून, चाचपत पुढे गेले आणि सवयीने काचेवर तळहात ठेवला. मोठ्या बल्बने काच तव्यासारखी झाली होती. हात झटकन मागे आला. त्यांनी तो पुन्हा ठेवला. त्या झगझगीत उजेडात त्यांचा पांढरा सदरा दिसत होता, तोंड माझ्याकडे होतं, डोळे उघडे होते, आणि हात काचेवरून निघत नव्हता. मी उडी मारून उतरले आणि त्यांचा हात ओढून काढला. तळहात लालबुंद झाला होता.

"हाबी लागला," मामा म्हणाले. मग वाकून त्यांनी लाईट अगदी तोंडाजवळून बघितला. "लाईट दिसते," ते हळू म्हणाले. "रस्ता नाई दिसत."

मी रडायला लागले. मामा रडले नाहीत. पुलाच्या दिशेने, म्हणजे त्यांच्या लेखी अंधाराकडे तोंड करून उभे राहिले. गाडी चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. शेवटी गावातला एक ट्रॅक्टरवाला आपल्या भावासोबत तिथून जाताना थांबला. मामा त्याला म्हणाले, "लाईट गेले बाप्पा, म्हून थांबलो." सगळे लाईट धडधडीत जळत होते. त्या माणसाने लाईटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हो मामा, गेलेच दिसतेत," म्हणाला आणि भावाला व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर मी मामीला मोरीकडे नेऊन सगळं सांगितलं. वाटलं, ती कपाळावर हात मारून घेईल. ती पदराने हात पुसत राहिली. "मले मालूम हाय," म्हणाली. "ते ताटातली भाजीबी आता हातानंच शोधतेत."

"मंग मामी, बोलल्या काहून नाई?"

"लाईट दुरुस्त होतेत वं माय," मामी म्हणाली. "डोये होतेत का नाई, कोनाले मालूम? म्हून मीबी लाईटच म्हनत गेले." ती मोरीच्या दगडावर खाली बसली. मी तिला धरून बसले. त्या घरात सगळ्यांनी मिळून लाईटवर भरवसा ठेवला होता, कारण रशीदभाईच्या टपरीपर्यंत रस्ता होता.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामाच्या डोळ्यात औषध घालून, कपाळाला दिवा बांधून बराच वेळ बघितलं. मग सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा सुकत चालला आहे, आधी अंधारातलं आणि कडेचं दिसणं जातं, नंतर बाकीचं. समोरून प्रखर उजेड आला की अशा डोळ्याला पुन्हा सावरायला फार वेळ लागतो. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, बल्बचा फाल्ट हाय का वायरिंगचा?"

डॉक्टर भला माणूस होता. तो हसला नाही. "वायरिंगचा म्हणा."

"वायरिंग बदलता येते."

"इथली येत नाही, काका."

"अर्थिंग? एक डाव घासून पाह्यलं तं?"

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मामाला ती हललेली दिसली नसावी, कारण ते उत्तराची वाट बघत तसेच बसून राहिले. शेवटी मामीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर आम्ही आणखी डॉक्टर केले, कोणी सांगितलेले थेंब घातले, कोणी सांगितलेला पाला वाटून बांधला. प्रत्येक वेळी मामा म्हणत, "आता फरक वाटून राह्यला," आणि मला पुन्हा ती टपरी आठवायची.

व्हॅन मात्र थांबली नाही. मामी शिकली. जिने कधी सायकलही चालवली नव्हती ती बाई पदर खोचून स्टिअरिंगवर बसली, आणि शिकवणारे कोण, तर मामा! त्यांनी तिला मळ्याच्या वाटेवर, दिवसाच्या उजेडात, इंजिनाच्या आवाजावरून शिकवलं. "गेर टाक. रडून राह्यली गाडी, ऐकू येत नाई काय?" मामी ओरडायची, "तुमी गप बसा, मले रस्ता पाहू द्या!" हे बोलून गेली की तिची तीच ओशाळायची. पहाटे निघताना मामा शेजारी बसत, पण त्याआधी चाचपत पुढे जाऊन काचांवर हात ठेवत. मामी सांगे, "लागले." पण पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "सांगून काय होते?" एवढं एकच काम त्यांच्याकडे राहिलं होतं आणि ते त्यांनी कोणाला दिलं नाही. रस्त्यात माणसं भेटली की मामीला विचारत, "कोन हाय? डिप्पर देला का?"

याला आता बरीच वर्षं झाली. मामाला दिवसही दिसेनासा झाला. मामीचे गुडघे गेले, व्हॅन भंगारात गेली. पुढे लावलेले ते मोठे लाईट तेवढे मामाने काढून घेतले. ते गोठ्यात खुंटीला टांगलेले आहेत. मी धनजच्या शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीत मी माझी स्वतःची गाडी घेतली आणि पहिल्यांदा ती दाखवायला मामाकडेच नेली. मामाने दारं, टायर, सीटा, सगळीकडे हात फिरवून ती बघितली. "चटकदार हाय," म्हणाले. दिवस कलला तशी मी निघायला लागले, तर मामा उठले. "थांब. लाईट लाव."

मी लाईट लावले. मामा बोनेटला धरून पुढे गेले, तळहात काचेवर ठेवला. ठेवूनच राहिले. मग दुसऱ्या काचेवर ठेवला.

"थंडे हायेत," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्या पुलाजवळची संध्याकाळ आठवली. "गेले वाटते. बंद हायेत."

"नाही मामा, लागलेत," मी घाईने म्हणाले. "ह्या नव्या लाईटची काच तापतच नाई. हे येगळेच असतेत."

"तापत नाई?" त्यांनी पुन्हा हात फिरवला, काठाकाठाने, ऊब शोधत. "मंग मानसानं समजाचं कसं?"

या माणसाकडे उजेड ओळखायची एकच खूण उरली होती, आणि ती मी, त्याची लाडकी भाची, माझ्या नव्या गाडीने काढून घेतली होती. मला वाटलं, ही गाडी इथेच सोडून द्यावी आणि एसटीने जावं.

मामा हात काचेवर तसाच ठेवून उभे होते. मग म्हणाले, "तू पाह्यले?"

"पाह्यले मामा. दोनी लागले हायेत. गोठ्याची भिंत दिसून राह्यली. तुमचे मोठे लाईटबी दिसून राह्यले खुंटीवरचे."

त्यांनी हात काढला. सदऱ्याला पुसला. "तू म्हनते तं लागले असतीन," ते म्हणाले. "जाय. अंधार पडाच्या आत पोच. अन् वळनावर डिप्पर देजो."

मामाच्या घरापासून निघालेला रस्ता गोठ्याला वळसा घालून पुन्हा अंगणासमोर येतो. तिथे गाडीचं तोंड घराकडे होतं. मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसत नव्हतं. मी वळण घेतलं आणि डिप्पर देण्यासाठी बोट पुढे केलं. मी अजून दिला नव्हता. तरी गाडी वळल्याचा आवाज ऐकूनच ओट्यासमोर मामा हात वर करून उभे होते आणि हसत होते.